बुटक्यांच्या किल्ल्यातली जनावरे

‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या संगणकावरच्या खेळात जंगली जनावर पकडायला दगडाची एक कळ, एक रिकामा पिंजरा आणि जनावराची नेहमीची वाट एवढ्या तीन गोष्टी पुरतात. हत्ती असो, वाघ असो की आग ओकणारा ड्रॅगन असो, सापळ्यावर पाऊल पडले की तो पिंजऱ्यात गेलाच. अवघड काम त्यानंतर सुरू होते. पकडलेले जनावर माणसाळते कसे, माणसाळलेले तसेच राहते का, आणि एक हत्ती शिकला म्हणजे हत्तीची जात पाळीव झाली का, हे प्रश्न हा खेळ खेळणाऱ्यापुढे एकामागून एक ठेवतो. बहुतेक खेळांत जनावराला चार घास भरवले की ते जन्मभराचे सोबती होते. या खेळाने तो सोपा मार्ग धरलेला नाही. इथे शिकवण विटते, ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. जनावराविषयीचे ज्ञान एकट्या शिक्षकाचे नसते, सगळ्या समाजाचे असते. आणि रानातल्या जातीला घरची करायला पिढी जावी लागते. पशुपालनाचा इतका गंभीर विचार करणारा दुसरा खेळ सापडणे कठीण आहे.

खेळाचे पूर्ण नाव ‘स्लेव्ह्ज टू आर्मोक: गॉड ऑफ ब्लड, चॅप्टर २: ड्वार्फ फोर्ट्रेस’ असे लांबलचक आहे. टार्न ॲडम्स आणि झॅक ॲडम्स या दोघा अमेरिकी भावांनी तो रचला. टार्न यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून गणितात पीएचडी केली आहे. २००२ साली त्यांनी या खेळाला हात घातला, ऑगस्ट २००६ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला, आणि पुढची कित्येक वर्षे तो फुकट मिळत राहिला. भावांचा चरितार्थ खेळाडूंच्या देणग्यांवर चालला. त्या काळात पडद्यावर चित्रे नव्हती. कुत्रा म्हणजे ‘डी’ हे अक्षर, हत्ती म्हणजे मोठ्या लिपीतले ‘ई’. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली आपल्या संग्रहासाठी जे पहिले चौदा संगणकीय खेळ निवडले, त्यांत हा अक्षरांचा खेळ होता. डिसेंबर २०२२ मध्ये किटफॉक्स गेम्स या संस्थेमार्फत त्याची चित्रे असलेली आवृत्ती विक्रीला आली आणि नव्या खेळाडूंचा मोठा लोंढा या दुनियेत शिरला.

खेळाचा गाभा सांगायला सोपा आहे. संगणक आधी एक अख्खे जग घडवतो, त्यातले डोंगर, नद्या, राज्ये आणि शेकडो वर्षांचा इतिहास. मग सात बुटके एका गाडीतून अनोळखी मुलखात उतरतात आणि डोंगर पोखरून वस्ती उभारू लागतात. खेळाडू त्यांतल्या कोणाही एकाला थेट हलवत नाही. इथे खणा, इथे भट्टी लावा, हे कुरण राखा, असे तो ठरवतो. काम कोण, केव्हा आणि कसे करील हे बुटक्यांच्या हाती. म्हणूनच जनावर शिकवण्याचे कामही खेळाडूच्या बोटांच्या चपळाईवर अवलंबून नसते. ते अवलंबून असते नियोजनावर, जागेवर, खाद्यावर आणि शिकवणाऱ्या बुटक्याच्या अनुभवावर.

जनावरे वस्तीत पहिल्या दिवसापासून असतात. गाडी ओढून आणणारी जोडी असतेच: कधी याक, कधी घोडा, कधी उंट, कधी म्हैस. याखेरीज निघण्यापूर्वी हाताशी असलेल्या भांडवलातून कुत्री, मांजरे, कोंबड्या, शेळ्या-मेंढ्या, डुकरे, गाई घेता येतात. ही सगळी जात्याच पाळीव. त्यांना शिकवावे लागत नाही, ती कधी रानटी होत नाहीत. मात्र चरणाऱ्या जनावराला गवत लागते. त्यासाठी जमिनीचा तुकडा कुरण म्हणून आखून द्यायचा आणि कोणते जनावर कुठे राहील ते नेमायचे. कुरण अपुरे पडले तर गवत तुडवले जाते, संपते आणि जनावर उपाशी मरते. दाटीवाटी झाली तर ती एकमेकांवर धावून जातात. जमिनीखालच्या गुहांपर्यंत खाणकाम पोहोचले की तिथले शेवाळ आणि बुरशी वस्तीच्या मातीतही पसरू लागतात, आणि मग गाई-म्हशी अंधारातही चरू शकतात. कोंबड्या, बदके, टर्की यांना अंडी घालायला खोके लागते. नर असेल आणि अंडी स्वयंपाकघरात जाऊ दिली नाहीत तर पिल्ले निघतात. दूध काढणे, लोकर कातरणे, खस्सी करणे, कापणे ही सगळी कामे वेगवेगळ्या कारागिरांची. कापलेल्या जनावराचे मांस, चरबी, हाडे, कातडे, शिंगे असे काहीच वाया जात नाही. चरबीपासून साबण होतो आणि तो साबण दवाखान्यात जखमा धुवायला लागतो. एका गाईचा वस्तीभर पसरलेला हा उपयोग पाहिला की खेळ किती बारकाईने रचला आहे याची कल्पना येते.

मांजराची गोष्ट वेगळी. बुटका मांजर पाळत नाही, मांजरच बुटक्याला निवडते. एकदा त्याने मालक निवडला की ते मांजर खाटकाकडे धाडता येत नाही. मांजरे उंदीर-घुशी मारतात म्हणून हवीत, पण ती वाढतातही झपाट्याने. बेसावध खेळाडूच्या वस्तीत काही वर्षांत मांजरेच मांजरे होतात आणि एवढ्या जिवांची प्रत्येक हालचाल मोजता मोजता संगणक मंदावतो.

आता रानाकडे. सापळ्याचे दोन प्रकार आहेत. उंदीर, सरडे यांसारख्या बारीक जिवांसाठी लहान सापळा असतो; त्यात आमिष ठेवता येते. मोठ्या जनावरांसाठी पिंजऱ्याचा सापळा. दगडातून यंत्राचे सुटे भाग घडवणारा कारागीर जमिनीवर कळ बसवतो, तीवर लाकडाचा, धातूचा किंवा काचेचा पिंजरा चढवला जातो. रानटी प्राणी किंवा शत्रू त्या चौकोनावर आला की पिंजऱ्यात बंद होतो. वस्तीतले बुटके, पाळीव जनावरे आणि पाहुणे व्यापारी यांना सापळ्याची जागा ठाऊक असते असे खेळ मानतो. पण चालता चालता एखादा बुटका बेशुद्ध होऊन नेमका सापळ्यावर पडला तर तोही आत जातो.

एक सापळा एका वेळी एकच जनावर पकडतो. भरलेला पिंजरा उचलून कोठारात न्यायचा आणि रिकामा पिंजरा पुन्हा चढवायचा, हे काम कोणीतरी बुटका करतो. म्हणून शहाणे खेळाडू सुटे सापळे मांडत नाहीत. अरुंद खिंडीत, उतारावर, पाणवठ्याच्या वाटेवर त्यांची रांग लावतात. हत्तींचा कळप आला तर पहिल्या सापळ्यात पहिला हत्ती, पुढच्यात दुसरा. वाट कुठून जाते हे ओळखणे हाच या शिकारीतला मुख्य हुन्नर आहे आणि त्यासाठी सगळा मुलूख काही ऋतू नुसता न्याहाळावा लागतो.

सगळेच जीव सापळ्यात येतात असे नाही. चोरट्या पावलांनी येणारे कोबोल्ड सापळे ओळखून टाळतात. पाताळातून वर येणारी विसरलेली श्वापदे, ज्यांचे शरीर, अवयव आणि विष प्रत्येक जगात संगणक नव्याने रचतो, तीही सापळ्याला बधत नाहीत. त्यावर एक उपाय आहे, कोळ्याचे जाळे. जाळ्यात गुरफटलेल्या जिवाला सापळा टाळता येत नाही. गुहांत राहणारा राक्षसी कोळी हा त्यामुळे एकाच वेळी सर्वांत घातक आणि सर्वांत मोलाचा प्राणी ठरतो. त्याचे रेशीम फार महाग. तो जिवंत हाती लागला तर त्याला भिंतीआड ठेवून समोर एखादा शत्रू दिसेल अशी योजना करतात. कोळी जाळी फेकत राहतो आणि विणकर ती गोळा करून नेतात. यात जराशी चूक झाली की विणकरांचा बळी जातो.

जनावरे मिळवण्याचा आणखी एक रस्ता आहे, तो व्यापाराचा. एल्फ नावाच्या शेजारी लोकांचा तांडा वसंतात येतो. त्यांच्यापाशी पुष्कळदा पिंजऱ्यांत माणसाळलेली रानजनावरे असतात, कधी अस्वल, कधी वाघ, कधी त्याहून नवलाचे काही. झाडे तोडणे एल्फांना पाप वाटते, त्यामुळे बदल्यात लाकडी वस्तू पुढे केली की सौदा बिघडतो.

पिंजऱ्यातल्या जनावराला शिकवण्यासाठी तीन गोष्टी जमवाव्या लागतात. पहिली, वस्तीत शिकवणीसाठी नेमून दिलेली जागा. दुसरी, जनावरे शिकवण्याचे काम ज्याच्याकडे आहे असा बुटका. तिसरी, खाद्य: चरणाऱ्याला वनस्पती, मांसाहारी जनावराला मांस. जनावरांच्या यादीत एकेकाच्या नावापुढे खूण करायची. शिक्षक कोणीही चालेल की अमुकच हवा, हेही तिथेच सांगता येते. मग बुटका खाद्य उचलतो, पिंजऱ्यापाशी जातो आणि काम सुरू होते.

पहिल्या शिकवणीनंतर हत्ती कसा निघेल हे दोन गोष्टी ठरवतात: शिक्षकाचे कौशल्य, आणि त्या समाजाला हत्तीबद्दल आधीपासून किती ठाऊक आहे. नवशिका बुटका आणि अनोळखी जात असेल तर हत्ती जेमतेम अर्धजंगली होतो. हात बसलेला शिक्षक असेल तर तो शिकलेला होतो. त्याच्या वरही पायऱ्या आहेत, चांगला शिकलेला, कुशलतेने शिकलेला, असे करत करत उस्तादी शिकवणीपर्यंत. मौजेची गोष्ट अशी की या पायऱ्या आणि त्यांच्या खुणा त्याच आहेत ज्या सुताराच्या खुर्चीला किंवा लोहाराच्या कुऱ्हाडीला लागतात. शिकवलेले जनावर हीसुद्धा कारागिरी आहे असे खेळाचे म्हणणे. फरक इतकाच की उस्तादाने घडवलेली खुर्ची उस्तादीच राहते. हत्ती तसा राहत नाही.

दिवस जातात तशी शिकवण उतरू लागते. उत्तम शिकलेला हत्ती साधारण होतो, साधारण अर्धजंगली होतो, आणि अर्धजंगली एक दिवस पुन्हा जंगली होतो. तोवर तो पिंजऱ्यात असेल तर निभावते. पण तो कुरणात मोकळा असेल, आजूबाजूला गुराखी आणि लहान मुले असतील, तर परिणाम भयंकर होतात. खेळाच्या हिशेबात हत्तीचे आकारमान ५० लाख घन सेंटिमीटर आहे आणि बुटक्याचे ६० हजार. म्हणजे एक हत्ती ऐंशीहून अधिक बुटक्यांएवढा. त्यासाठी शिकवणीची उजळणी सतत चालू ठेवावी लागते. शिक्षक हाताशी असेल, खाद्य असेल, तर बुटके ती आपणहून करतात. पण शिक्षक आजारी पडला, युद्धावर गेला, मद्याच्या बेतात रमला, किंवा वीस जनावरांमागे एकच शिक्षक उरला, तर उजळणी राहून जाते. पिंजऱ्याचे दार उघडण्यापूर्वी अनुभवी खेळाडू म्हणूनच जनावरे मोजत नाहीत, शिक्षक मोजतात.

याहून खोल कल्पना आहे ती समाजाच्या ज्ञानाची. प्रत्येक जातीबद्दल बुटक्यांच्या संस्कृतीला किती कळते याची खेळ वेगळी नोंद ठेवतो. सुरुवातीला काहीच ठाऊक नसते. एकेक जनावर शिकवता शिकवता चार गोष्टी कळतात, मग साधारण ओळख होते, मग जाणकारी येते, मग तज्ज्ञता. हे ज्ञान वाढेल तशी पुढची शिकवण अधिक चांगली होते. पहिला हत्ती ज्या शिक्षकाने शिकवला तो मेला तरी ते ज्ञान मरत नाही. विसावा हत्ती नवा शिक्षक शिकवतो तेव्हा आधीच्या एकोणीस हत्तींचा अनुभव त्याच्या पाठीशी असतो. पूर्वीच्या आवृत्त्यांत इतका विचार नव्हता. तेव्हा विलक्षण जनावरे माणसाळवण्यासाठी वस्तीत एक खास अधिकारी यावा लागे. तो आला की दार उघडले, नाही आला तर बंद. एका माणसाच्या पदावर अवलंबून असलेली ती व्यवस्था मोडून तिच्या जागी हळूहळू साठत जाणारे सामूहिक ज्ञान आणणे, हा या खेळातल्या सर्वांत मोलाच्या बदलांपैकी एक मानायला हवा.

खऱ्या जगाशी ताडून पाहिले तर ही रचना किती नेमकी आहे ते दिसते. भारतात हत्ती काही हजार वर्षे माणसाच्या कामी आला. त्याने लाकडे ओढली, सैन्यात लढला, मिरवणुकांत चालला. तरी कुत्रा किंवा गाय ज्या अर्थाने पाळीव आहे त्या अर्थाने हत्ती कधी पाळीव झाला नाही. दर पिढीचे हत्ती बहुतांशी रानातूनच पकडून आणले जात. म्हैसूरजवळच्या काकनकोटेच्या जंगलातला खेदा, म्हणजे कळप हाकून कोंडण्याची मोहीम, त्यासाठी प्रसिद्ध होता. तिथला शेवटचा खेदा १९७१ साली झाला. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे बावीस महिन्यांचा, आणि पिल्लू कामाजोगे व्हायला बरीच वर्षे लागतात. घरी हत्ती वाढवण्यापेक्षा रानातला मोठा हत्ती आणून शिकवणे स्वस्त पडे. शिकवणारा माहूत मात्र पिढीजात असे, आणि नव्या हत्तीला वळण लावायला आधी शिकलेले कुमकी हत्ती उभे राहत. जनावर दर वेळी नवे, ज्ञान जुने, ही जी स्थिती खेळाने आकड्यांत मांडली आहे ती माहूतांच्या घराण्यांनी प्रत्यक्षात सांभाळली होती.

महाराष्ट्रातले उदाहरण चित्त्याचे आहे. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवण्याची परंपरा विसाव्या शतकापर्यंत चालली; हिंदुस्थानातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेतून मागवले गेले. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर नेत, काळवीट दिसले की टोपी काढून त्याला सोडत. शिकारीसाठी पकडायचा तो मोठा झालेला चित्ता, पिल्लू नव्हे, कारण शिकार करायला पिल्लू आपल्या आईकडूनच शिकते आणि ते शिक्षण माणसाला देता येत नाही. बंदिवासात चित्त्याची वीण जवळजवळ होतच नसे. जहांगीर बादशहाच्या दरबारी १६१३ साली बंदिवासातल्या मादीला पिल्ले झाल्याची नोंद आहे, आणि ती एवढी नवलाची ठरली की आजही तिचा उल्लेख होतो. माणसाळलेला जीव आणि पाळीव जात यांत किती अंतर आहे, हे शेकडो चित्ते बाळगूनही न पैदा झालेल्या त्या पिढीवरून कळते.

खेळात हे अंतर ओलांडायचा रस्ता पिल्लांतून जातो. रानातून धरलेले मोठे जनावर कितीही शिकवले तरी त्याची शिकवण उतरण्याची भीती राहते. पण वस्तीतल्या शिकलेल्या मादीला जे पिल्लू होते, त्याला लहानपणीच शिकवले तर ते कायमचे माणसाळू शकते. म्हणून खेळाडूंची खरी धडपड असते ती नर-मादीची जोडी मिळवण्याची. एकच वाघ सापडला तर तो एका आयुष्यापुरता; जोडी सापडली तर वंश सुरू होतो. जोडी मिळाली तरी पिल्ले होतीलच असे नाही. या खेळात प्रत्येक जिवाची ओढ वेगवेगळी ठरते, आणि काही जनावरांना जोडीदारात रसच नसतो. मग पुन्हा सापळे, पुन्हा वाट पाहणे. खेळातले वर्ष बारा महिन्यांचे आणि महिना अठ्ठावीस दिवसांचा. अशी कित्येक वर्षे लोटल्यावर मोठ्या जनावराची दुसरी पिढी कामाला येते.

ड्रॅगनच्या बाबतीत ही चिकाटी पराकोटीला पोहोचते. तोही पिंजऱ्यात सापडतो, तोही शिकतो, आणि जोडी असेल तर मादी अंडी घालते. पण ड्रॅगनला पूर्ण वाढायला एक हजार वर्षे लागतात. कुठल्याही वस्तीचे आयुष्य तेवढे नसते. वस्तीत जन्मलेला ड्रॅगन खेळाडूच्या डोळ्यांदेखत लहानच राहतो. तरी आग मात्र ओकतो.

माणसाळलेल्या जनावराला पुढे दोन प्रकारचे शिक्षण देता येते, युद्धाचे आणि शिकारीचे. सगळ्या जाती त्याला योग्य नसतात. कुत्रा हा त्यातला पहिला आणि सर्वांत स्वस्त. शिकारी कुत्रा शिकाऱ्याच्या मागे दबक्या पावलांनी जातो. युद्धाचा कुत्रा सैनिकाबरोबर चालतो आणि शत्रू दिसताच त्याच्यावर झेप घेतो. साधे पाळीव जनावर संकट पाहून पळते, युद्धासाठी शिकवलेले उभे राहते. हत्ती, अस्वल, सिंह, वाघ, बिबट्या यांनाही युद्धाचे शिक्षण देता येते. ते मिळाल्यावर जनावर एखाद्या बुटक्याच्या नावे लावता येते, आणि मग ते त्याची सावली होऊन फिरते. खाणीत, स्वयंपाकघरात, निजायच्या खोलीतही. अशी सोबत रणात मेली तर मालक बुटका दुःखी होतो आणि त्याचे दुःख त्याच्या कामावर दिसते.

लहान वस्तीला मात्र हत्तींपेक्षा कुत्र्यांचा उपयोग मोठा. दारापाशी साखळीला बांधलेली दोन कुत्री लपून येणारे चोर आणि मुले पळवणारे गॉब्लिन यांची चाहूल आधी घेतात. आरडाओरडा होतो आणि सैनिकांना धावून जायला वेळ मिळतो. जोखमीची जनावरेही अशीच दोराला किंवा साखळीला बांधून ठेवता येतात. उजळणी चुकली तरी त्यांचा आवाका साखळीपुरता राहतो.

पकडलेल्या प्रत्येक जिवाला शिकवता येत नाही. गॉब्लिनसारखे बोलणारे, विचार करणारे जीव कैदी होतात, पाळीव नाही. मेलेले उठून चालू लागलेले प्राणीही शिकवणीपलीकडचे. आणखी एक मर्यादा अनेकांना खटकते. शत्रूचे स्वार नाना श्वापदांवर बसून चाल करून येतात, पण वस्तीतले बुटके आपल्या शिकवलेल्या जनावरांवर स्वार होत नाहीत. २०२० च्या आवृत्तीत जनावरावर बसण्याची सोय आली ती एकट्याने जग फिरण्याच्या दुसऱ्या खेळप्रकारात.

इतकी बारीक रचना कधी कधी अनपेक्षित ठिकाणी फाटते, आणि खेळाचे स्वरूप तिथेच सर्वांत स्पष्ट दिसते. कुरणाची व्यवस्था नवी असताना हत्तीची भूक त्याच्या आकाराप्रमाणे ठरवली होती. हिशेब बरोबर होता, पण हत्तीला गवत खायला जेवढा वेळ लागे त्यात त्याची भूक भागेच ना. हिरव्यागार कुरणात अखंड चरत असलेला हत्ती उपासमारीने मरे. पुढे ते आकडे दुरुस्त झाले. त्याही आधीच्या आवृत्त्यांत हत्ती भलतेच आक्रमक होते. अनेक खेळाडूंनी एकेक वर्ष आळीपाळीने चालवलेल्या ‘बोटमर्डर्ड’ नावाच्या वस्तीची कहाणी अजून सांगितली जाते, आणि तिच्यात शत्रूसैन्यापेक्षा हत्तींनी केलेला संहार मोठा आहे.

मांजरांची कथा त्याहून प्रसिद्ध झाली. २०१५ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीत मद्यालये उभारता येऊ लागली. थोड्याच दिवसांत मांजरे ओकत ओकत मरू लागल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. कोणी त्यांना इजा केलेली नव्हती, रोगही नव्हता. टार्न ॲडम्स यांनी माग काढला तेव्हा साखळी अशी निघाली: बुटके पेले हेंदकाळतात, मद्य जमिनीवर सांडते, मांजर त्यातून चालते, पंजांना मद्य लागते, मांजरे अंग चाटून साफ करतात हे खेळात पूर्वीपासून होते, तेव्हा ते मद्य पोटात जाते, आणि चाटलेल्या थेंबाचे माप चुकून अख्ख्या पेल्याएवढे धरले जात होते. मांजराच्या लहानशा शरीराला ते विषच. यातली एकही गोष्ट मांजर मारण्यासाठी लिहिलेली नव्हती. सांडणे, चिकटणे, चाटणे, रक्तात भिनणे हे वेगवेगळे नियम एकमेकांत मिसळून हे घडले, आणि दुरुस्त करावे लागले ते फक्त एक माप.

हे नियम खेळाडूपासून लपवलेलेही नाहीत. प्रत्येक प्राण्याची माहिती साध्या मजकुराच्या फायलींत चौकटी कंसांतल्या शब्दांनी लिहिलेली असते: तो किती वाढतो, किती जगतो, काय खातो, सापळा टाळतो का. एका शब्दाने तो घरगुती पाळीव ठरतो, दुसऱ्याने विलक्षण पाळीव, तिसऱ्याने युद्धासाठी किंवा शिकारीसाठी शिकवण्याजोगा. ती फाईल उघडून कोणीही तिच्यात बदल करू शकतो. नवे जग घडवण्यापूर्वी मांजराच्या वर्णनात शिकवण्याजोगेपणाचा एक शब्द घातला, की त्या जगातले बुटके मांजरांनाही युद्धाला तयार करू लागतात. खेळाडूंनी अशी शेकडो नवी जनावरे रचून एकमेकांना दिली आहेत, आणि ती सगळी त्याच पायऱ्यांनी शिकतात, त्याच वेगाने शिकवण विसरतात.